बुरशी पुसली, रंगही दिला, तरी ये रे माझ्या मागल्या?

कपाट पुढे ओढलं की मागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांचा पुंजका दिसतो. आपण ब्लीच मारतो, घासतो, दोन दिवस भिंत छान पांढरी दिसते. महिना-दीड महिना जातो आणि तोच पुंजका, त्याच जागी, आधीपेक्षा थोडा मोठा होऊन हजर. मी हे तीनदा केलं. पहिल्यांदा ब्लीच मारलं, दुसऱ्यांदा बुरशीरोधक रंग दिला. तिसऱ्यांदा ‘बाहेरून पाणी झिरपतंय’ असं एका कारागिराने छातीठोकपणे सांगितलं म्हणून बाहेरच्या बाजूने अख्खी भिंत दुरुस्त करून घेतली. तिन्ही वेळा ती परत आली. चौथ्या वेळी मात्र फडका उचलण्याआधी मी दोन दिवस नुसतं निरीक्षण केलं आणि तेव्हा चूक सापडली. दरवेळी मी बुरशीशी भांडत होतो, पण तिला पाणी पाजणाऱ्या गोष्टीला हातसुद्धा लावलेला नव्हता.

तुमचीही बुरशी अशीच पुन्हा पुन्हा येत असेल, तर पुढची बाटली विकत घेण्याआधी हे वाचा.

मारली तरी परत का येते?

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. आपण श्वास घेतो त्यातही असतात, स्वच्छातल्या स्वच्छ खोलीतही असतात. अस्परजिलस फ्युमिगेटस या नेहमी आढळणाऱ्या बुरशीचा बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही बारीक. असे बीजाणू तुम्ही कितीही पुसा, तासाभरात नवे येऊन बसतात. ते घरात येऊच नयेत असा बंदोबस्त कुणालाच करता येत नाही. पण नुसते बसलेले बीजाणू काही करत नाहीत, त्यांना रुजायला ओल लागते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत कोरडी झाली तर बहुतेक वेळा त्यांची डाळ शिजत नाही. त्यापुढे प्रत्येक दिवस त्यांचा असतो.

दुसरी गोष्ट, आपल्याला दिसतो तो काळा-हिरवा थर म्हणजे अख्खी बुरशी नव्हे. तिचे धागे प्लास्टरच्या, लाकडाच्या, कागदाच्या आत शिरलेले असतात, आणि वर दिसते ती बीजाणू तयार करणारी पावडर. सच्छिद्र भिंतीवर ब्लीच मारलं की त्यातला क्लोरीन वरच्या थरातच खर्ची पडतो. रंग उडतो, म्हणून आपल्याला वाटतं काम झालं. ब्लीचमधलं पाणी मात्र आत जातं, थेट त्या धाग्यांपर्यंत. थोडक्यात, वरून रंग घालवायचा आणि आतून पाणी द्यायचं, असं ते काम आहे.

बुरशीरोधक रंगाचंही तेच. कोरड्या, स्वच्छ भिंतीवर तो उपयोगाचा आहे. ओल्या भिंतीवर, जुन्या बुरशीवरच दिला तर काही महिन्यांत पोपडे सुटतात आणि पोपड्याखाली ती मजेत वाढलेली असते.

आधी ओळख पटवा

भिंतीवरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. पांढरा, कापसासारखा फुलोरा दिसला तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळला तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून पाण्याबरोबर वर आलेले क्षार. लोणा सजीव नाही, त्याला बुरशीनाशक मारून काही होणार नाही, पण भिंतीतून पाणी प्रवास करतंय याचा तो पक्का पुरावा आहे. थेंबाने विरघळला नाही, बोटाने फासला गेला आणि कुबट वास आला, तर बुरशी. काळा डाग मळाचा की बुरशीचा हे कळत नसेल तर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाकून पाहा. बुरशी मिनिटा-दोन मिनिटांत फिकी पडते, धूळ-काजळी तशीच राहते.

न्हाणीघरात फरशीच्या सांध्यात किंवा नळाच्या बुडाशी येणारा गुलाबी, बुळबुळीत थर बुरशीचा नसतो. बहुतेक वेळा तो सेराशिया मार्सेसेन्ससारख्या जिवाणूंचा असतो. त्याचा विचार वेगळा करावा लागतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

पाणी नेमकं कुठून येतंय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझी तिन्ही वेळची मेहनत वाया गेली ती ही पायरी गाळल्यामुळे.

पारदर्शक प्लास्टिकचा साधारण वीतभर चौकोन कापा. डागाशेजारची भिंत कोरड्या फडक्याने पुसा, चौकोन तिच्यावर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. कुठेही फट नको. असाच एक चौकोन त्याच भिंतीवर दूर, डाग नसलेल्या जागी लावा. एक ते दोन दिवस तसेच राहू द्या, आणि पहाटे, खोली सर्वांत गार असताना, बॅटरीच्या उजेडात बघा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय: गळका पाइप, वरच्या मजल्याची झिरपणी, बाहेरची भेग, जमिनीतून चढणारी ओल. थेंब तुमच्या बाजूला, बोट फिरवलं की ओलं लागेल असे असतील, तर पाणी खोलीतल्या हवेतून येतंय आणि गार भिंतीवर दव धरतंय.

माझा चौकोन बाहेरून ओला होता. भिंतीकडची बाजू ठणठणीत कोरडी. म्हणजे ज्या झिरपण्यासाठी मी बाहेरची भिंत दुरुस्त करून घेतली, ते मुळात नव्हतंच. पाणी आम्हीच तयार करत होतो. त्याच खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालत होतो. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेतून दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. खिडकी बंद, आणि कपाट भिंतीला अगदी टेकवून ठेवलेलं.

कपाट टेकवल्याने इतकं काय बिघडतं, हा प्रश्न मलाही पडला होता. याचं उत्तर आकड्यांत स्पष्ट दिसतं. समजा खोलीत २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. हा आकडा काही वाईट नाही. पण कपाटामागची बाहेरच्या बाजूची भिंत २० अंशांवर असेल, तर तीच हवा भिंतीला टेकून गार झाल्यावर तिथली आर्द्रता ८१ टक्के होते. खोलीत ७० टक्के असेल तर भिंतीजवळ ९५. आणि भिंत १९ अंशांवर गेली की सरळ दव. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बहुतेक घरगुती बुरशींना तेवढं पुरतं, थेंब दिसण्याचीही गरज नसते. कपाटामागे हवा फिरत नाही, म्हणून भिंत गार राहते आणि ओल अडकून पडते. खोलीच्या मधोमध टांगलेला आर्द्रतामापक यातलं काहीही दाखवत नाही. म्हणून दोन मापक घ्या. एक खोलीत ठेवा आणि एक कपाटामागे, डागाच्या उंचीवर. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवा. दोन्हींमधला फरकच तुम्हाला दोषी दाखवून देईल.

खोलीची आर्द्रता ६० च्या खाली, जमलं तर ३० ते ५० टक्क्यांत ठेवावी, असं साधारणपणे सांगितलं जातं. दमट हवामानात खिडक्या उघडून हे साधत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. तिथे आर्द्रता शोषणारं यंत्र किंवा वातानुकूलन हाच मार्ग उरतो. हवा कोरडी असते तेव्हा मात्र समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघडणं हे दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा चांगलं. अंघोळीनंतर न्हाणीघरातला हवा बाहेर टाकणारा पंखा लगेच बंद करू नका, आणखी वीस-तीस मिनिटं चालू द्या. कपाट भिंतीपासून निदान चार बोटं पुढे ओढा. आमच्याकडे कपडे वाळवायची जागा बदलणं आणि कपाट पुढे ओढणं, एवढ्या दोनच गोष्टींनी कपाटामागचा आकडा ८४ वरून तीन आठवड्यांत ६६ वर आला.

पाणी भिंतीतून येत असेल तर मात्र यातलं काही करून भागत नाही. गळती आधी थांबवा, भिंत पूर्ण वाळू द्या (याला कित्येक आठवडे लागू शकतात), मगच प्लास्टर आणि रंग. वाळायच्या आत रंग लावायची घाई कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

आता साफ करा

ओलीचा बंदोबस्त सुरू झाल्यावरच सफाईला अर्थ आहे. डाग साधारण एक चौरस मीटरच्या आत असेल तर घरी करता येतो. त्याहून मोठा असेल, किंवा सांडपाण्याने भिजलेला असेल, तर या कामाची माहिती असलेल्या माणसाला बोलवा.

पंखे बंद, दार बंद, खिडकी उघडी. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. कोरड्या बुरशीवर कधीही झाडू किंवा ब्रश फिरवू नका, लाखो बीजाणू एका झटक्यात हवेत उडतात. आधी साबणाच्या पाण्याने हलकेच ओली करा, मग फडक्याने टिपून घ्या, फडका पिशवीत बंद करून टाकून द्या. काच, फरशी, धातू, चकचकीत रंग अशा गुळगुळीत पृष्ठभागांवर साबण, पाणी आणि घासणं एवढं पुरेसं असतं, फक्त नंतर लगेच कोरडं करा. जंतुनाशक वापरायचंच असेल तर मळ काढल्यानंतर वापरा, कारण मळावर ओतलेलं हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं जंतू मारणारं रसायन) मळाशीच लढून संपतं. आणि ते पृष्ठभागावर बाटलीवर लिहिलेली मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. फवारलं की लगेच पुसलं तर काही उपयोग नाही.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, आम्ल किंवा अमोनिया असलेलं कोणतंही द्रावण मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

गादी, गालिचा, छताच्या मऊ फरश्या, कागदी आवरणाचे फलक यांच्यात बुरशी आतवर गेली असेल तर त्या टाकून द्या. मन मानत नाही, मला माहीत आहे. पण तिथे बुरशी मेली तरी तिचे अवशेष आतच राहतात, आणि मेलेल्या बीजाणूंनीही शिंका, खोकला, दमा सुरू होऊ शकतो. मारण्यापेक्षा तिथून काढून टाकणं महत्त्वाचं, ते याचसाठी.

पुस्तकं, चामडं, भिंगं

भिंतीपाठोपाठ या वस्तूंचा नंबर लागतो. कागद आणि सुती कापड हे सेल्युलोज आहे आणि अनेक बुरशी ते पचवणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. म्हणून बुरसलेलं कापड नुसतं डागाळत नाही, विरतं. चामड्यावर राखाडी भुरा दिसला तर घराबाहेर नेऊन मऊ फडक्याने टिपा आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

पुस्तकं भिजली तर घड्याळ लावा. दोन दिवसांत वाळवता येणार असतील तर पानं उभी पसरून, मध्ये शोषक कागद घालून, सावलीत पंख्याखाली वाळवा. संख्या जास्त असेल आणि ते शक्य नसेल, तर पिशवीत घालून गोठवा. गोठवल्याने बुरशी मरत नाही, पण वाढ थांबते, आणि मग थोडी थोडी पुस्तकं काढून सवडीने वाळवता येतात. पूरग्रस्त ग्रंथालयांतही हीच पद्धत वापरली जाते.

कॅमेऱ्याच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर थांबू नका. बुरशी सोडते ती आम्लं भिंगावरचा लेप आणि पुढे काचही खातात, मग साफ करूनही ओरखडा राहतो. भिंग चामड्याच्या पेटीत ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आतली आर्द्रता ४०-५० टक्के.

गुलाबी थर, कुबट वॉशिंग मशीन

इथे शत्रू वेगळा, पण कमकुवत जागा तीच. जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. याला जैवपटल म्हणतात. दातांवरचं किटण हे त्याचंच रोजचं उदाहरण. या आवरणातले जिवाणू सुट्या जिवाणूंपेक्षा औषधांना कित्येक पटींनी, कधी कधी हजार पटींपर्यंत दाद देत नाहीत. म्हणून गुलाबी थरावर नुसतं जंतुनाशक ओतून तो परत येतो. आधी ब्रशने घासून आवरण फोडा, मग जंतुनाशक, मग कोरडं. शेवटची पायरी चुकली तर आठवड्यात पुन्हा गुलाबी. कपडे धुण्याच्या यंत्राचं दार धुणं झाल्यावर उघडं ठेवा, दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून पुसा (तिथे काय साचतं ते एकदा पाहाच), आणि अधूनमधून ६० अंशांवर रिकामं चालवा. कायम थंड पाण्यात धुणाऱ्यांना ही तक्रार जास्त येते.

काँक्रीटसुद्धा यातून सुटत नाही. सांडपाण्याच्या पाइपात तळाच्या गाळात राहणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तो वर जाऊन पाइपाच्या ओलसर छताला लागतो आणि तिथले दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. म्हणून असे पाइप पाण्याखाली नव्हे, तर पाण्याच्या वर, छताकडून कुरतडले जातात. जिथे ओल आणि हवा दोन्ही आहेत, तिथेच.

नुसतं मारत राहिल्याने काय होतं

फ्रान्समधली आदिमानवाच्या भित्तिचित्रांची लास्को गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. रोज शेकड्यांनी माणसं आत जाऊ लागली. त्यांच्या श्वासातली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि दिव्यांचा उजेड यांनी हजारो वर्षं टिकलेल्या चित्रांवर हिरवं शेवाळ धरू लागलं. १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. पुढे २००१ मध्ये फ्युझेरियम सोलानी या बुरशीचा पांढरा थर पसरला. बुरशीनाशकं, प्रतिजैविकं, चुना, सगळं वापरलं गेलं. पांढरी बुरशी हटली आणि काही वर्षांत काळे डाग आले. वर्षानुवर्षं वापरलेल्या बेंझालकोनियम क्लोराइड या जंतुनाशकाला पुरून उरणाऱ्या जिवाणूंचंच तिथे प्राबल्य झाल्याचं तपासणीत आढळलं. हे वाचलं तेव्हा मला माझी भिंत आठवली. हवा तीच ठेवून फक्त औषध बदललं, तर एक पाहुणा जातो आणि त्याच जागी दुसरा येतो.

घरातल्या माणसांचं काय

ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना दमा, खोकला, श्वसनाच्या तक्रारी जास्त होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. अमुक एवढे बीजाणू सुरक्षित, अशी मर्यादा मात्र त्यात नाही. म्हणून हवेचे नमुने तपासण्यावर खर्च करण्यापेक्षा ओल शोधण्यावर करा. दमेकरी, लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी सफाईच्या वेळी त्या खोलीत थांबू नये.

भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस नव्हे. त्या आजारात मेलेल्या ऊती काळ्या पडतात, त्यावरून त्याला ‘काळी बुरशी’ हे नाव रूढ झालं. भिंतीवरचा काळा रंग बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा अस्परजिलसच्या जातींचा असतो. घाबरून जाऊ नका, पण सोडूनही देऊ नका.

बुरसलेल्या दाण्यांबाबत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण निघालं त्यांच्या खाद्यातली बुरसलेली शेंगदाण्याची पेंड, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी ते तयार करते. नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने बुरशी मरते, पण हे विष बऱ्याच अंशी टिकून राहतं, आणि ते यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं. वरचा बुरा झटकून खाली चांगलं दिसतंय म्हणून वापरू नका.

नायटा, गजकर्णही असाच उलटून येतो. खाज थांबली की औषध थांबवलं जातं, तेव्हा कातडीच्या थरात बुरशी शिल्लक असते. स्टेरॉइड मिसळलेली मलमं लालसरपणा लपवतात आणि बुरशीला मोकळं रान देतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा, आणि घडीची जागा अंघोळीनंतर पूर्ण कोरडी करूनच कपडे घाला.

हे सगळं करूनही परत आली तर

जागा बघा. त्याच ठिकाणी, तशाच आकारात आली असेल तर ओलीचा उगम तोच आहे आणि तो बंद झालेला नाही. प्लास्टिकचा चौकोन पुन्हा लावा, या वेळी डागाच्या वर आणि खाली असे दोन. खालचाच आतून ओला असेल तर ओल जमिनीतून चढतेय, वरचाच असेल तर वरून उतरतेय. दुसऱ्याच कोपऱ्यात आली असेल तर पाइपाऐवजी खोलीच्या हवेकडे वळा, कारण ओल आता पुढच्या गार जागेवर बसायला लागली आहे. आणि डाग न येता नुसता कुबट वास येत असेल, तर वातानुकूलन यंत्राची पाणी साचणारी ताटली, सिंकखालच्या फळीची मागची बाजू आणि गालिचाचं अस्तर, या तीन जागा आधी उघडून बघा. मला शेवटचा वास फळीच्या मागे सापडला. वरून कोरडी दिसत होती. स्क्रू काढून फळी उलटी केली तेव्हा मागे तळहाताएवढा हिरवट मखमली थर होता, आणि त्याच्या बरोबर वर नळाच्या जोडावर लटकलेला एक थेंब.